डॉस अजून कामाचं आहे का? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टिम, आजही कामाला येतं, पण मोजक्याच कामांना. डॉसशिवाय चालतच नाही असं एखादं यंत्र किंवा प्रोग्राम गळ्यात असेल, मदरबोर्डचं किंवा डिस्क कंट्रोलर कार्डाचं फर्मवेअर (चिपमध्येच साठवलेलं सॉफ्टवेअर) बदलायचं असेल, जुन्या फ्लॉप्यांतला डेटा सोडवायचा असेल, किंवा प्रोसेसर, मेमरी आणि पोर्ट यांच्याशी थेट बोलून कॉम्प्युटर शिकायचा असेल, तर डॉस शिकण्यात घालवलेला वेळ वसूल होतो. रोजच्या कामासाठी मात्र नाद सोडा. डॉसचे ब्राउझर आजच्या एन्क्रिप्टेड वेबसाइटपुढे हात टेकतात, प्रोसेसरला आठ कोअर असले तरी काम एकच कोअर करतो, आणि वाय-फाय, ब्लूटूथ, नवं प्रिंटर यांचे ड्रायव्हर मिळणं जवळजवळ अशक्य.

या लेखात कमांडची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची. लहान अक्षरं की मोठी, याचं डॉसला काही पडलेलं नसतं.

आधी रस्ता निवडा

डॉसचा प्रोग्राम चालवायचे तीन रस्ते आहेत आणि नवखे बहुतेकदा चुकीच्या रस्त्याने सुरुवात करतात: थेट जुनं मशीन शोधायला निघतात. ते शेवटचं करायचं काम आहे.

पहिला रस्ता डॉसबॉक्स. हे विंडोज, लिनक्स किंवा मॅकवर चालणारं एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, आहे. तुमच्याच डिस्कवरचा एखादा फोल्डर 'माउंट' कमांडने त्याला सी ड्राइव्ह म्हणून दाखवायचा, की झालं. डॉस वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. खेळांसाठी याला तोड नाही, कारण मूळ डॉसबॉक्स खेळ डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलं आहे. हिशेबाचे किंवा डेटाबेसचे प्रोग्राम चालवायचे असतील तर त्याचंच भावंड, डॉसबॉक्स-एक्स, घ्या. त्यात प्रिंटिंग आणि सीरियल पोर्टची सोय जास्त चांगली आहे.

दुसरा रस्ता व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला अख्खा कॉम्प्युटर: व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयू. यात खरंखुरं डॉस इन्स्टॉल होतं, पार्टिशन, कॉन्फिग फाइल, मेमरी मॅनेजर सगळ्यासकट. शिकायचं असेल तर हाच रस्ता.

तिसरा, खऱ्या मशीनवर डॉस. फर्मवेअर फ्लॅश करायचं (चिपमध्ये नव्याने लिहायचं) असेल, जुन्या बोर्डांवरच्या आयएसए स्लॉटमधलं कार्ड वापरायचं असेल किंवा प्रोग्रामला वेळेचं अचूक भान लागत असेल, तेव्हाच याच्या वाट्याला जा.

विंडोजमधलं काळं कमांड प्रॉम्प्ट म्हणजे डॉस असा समज अजूनही आहे. ३२ बिटी विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवणारी एनटीव्हीडीएम नावाची यंत्रणा होती. ६४ बिटी विंडोजमध्ये ती नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटीच आहे. तिथे १६ बिटी प्रोग्रामवर डबल क्लिक केलं की 'हा प्रोग्राम या पीसीवर चालू शकत नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. कम्पॅटिबिलिटी मोडच्या खटपटीत वेळ घालवू नका, त्याने काही होत नाही.

कोणतं डॉस घ्यायचं?

फ्रीडॉस घ्या. मायक्रोसॉफ्टचं स्वतंत्र विकलं गेलेलं शेवटचं डॉस म्हणजे १९९४ मधलं एमएस-डॉस ६.२२. मायक्रोसॉफ्टने १.२५, २.० आणि २०२४ मध्ये ४.०० या आवृत्त्यांचा सोर्स कोड खुला केला, पण ६.२२ अजूनही परवान्याखालीच आहे. शिवाय त्याला एफएटी३२ (डिस्कवर फाइल मांडायची नंतरची पद्धत) कळत नाही, म्हणजे २ जीबीपेक्षा मोठं पार्टिशन नाही.

फ्रीडॉसची घोषणा जिम हॉल यांनी जून १९९४ मध्ये केली, १.० आवृत्ती २००६ मध्ये आली आणि १.४ आली २०२५ मध्ये. ते मोफत आहे, सोर्स खुला आहे, एफएटी३२ चालतं आणि जुने प्रोग्राम फारसे कुरकुरत नाहीत. अगदी एखादा हट्टी प्रोग्राम एमएस-डॉसच्याच अंतर्गत रचनेवर विसंबलेला निघाला तर गोष्ट वेगळी, पण तो अनुभव विरळा.

डाउनलोडच्या पानावर बरेच प्रकार दिसतात. व्हर्च्युअल मशीनसाठी 'लाइव्ह सीडी', पेन ड्राइव्हवरून खऱ्या मशीनवर टाकायचं असेल तर 'फुल यूएसबी' किंवा 'लाइट यूएसबी', आणि सीडीवरून बूटच न होणाऱ्या प्राचीन मशीनसाठी 'फ्लॉपी एडिशन'. लाइव्ह सीडीची फाइल झिपमध्ये येते. ती उघडून आतली आयएसओ फाइल (सीडीची संपूर्ण प्रतिमा) बाजूला काढून ठेवा.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये इन्स्टॉल करणं

१. 'न्यू' दाबा. प्रकार 'अदर', आवृत्ती 'डॉस' निवडा. मेमरी ३२ एमबी पुरते. मोह आवरून जास्त देऊ नका: जुन्या प्रोग्रामना ६४ एमबीपेक्षा जास्त मेमरी दिसली की काहींचं गणित चुकतं आणि ते 'मेमरी अपुरी' म्हणून बंद पडतात. 'एनेबल ईएफआय' (नव्या पद्धतीचं बूट, डॉसला ते चालत नाही) ही खूण काढलेलीच असू द्या.

२. डिस्क ५०० एमबीची, आणि तिचा प्रकार व्हीएचडी. व्हीडीआय आपोआप निवडलेलं असतं, ते बदला. कारण पुढे फाइल आत-बाहेर करताना कळेल.

३. ऑप्टिकल ड्राइव्हला आयएसओ जोडा, मशीन सुरू करा आणि मेनूतून 'इन्स्टॉल टू हार्ड डिस्क' निवडा.

४. भाषा निवडल्यावर 'सी ड्राइव्हवर पार्टिशन दिसत नाही' असं सांगितलं जाईल. पार्टिशन करायला होकार द्या. एफडिस्कचा मेनू समोर आला तर १, मग पुन्हा १, आणि 'सगळी जागा वापरू का' याला हो. बूट होण्यासाठी पार्टिशन 'अॅक्टिव्ह' असावं लागतं. सगळी जागा एकाच प्रायमरी पार्टिशनला दिली की ते काम सहसा त्यातच होऊन जातं.

५. आता मशीन रीबूट होतं. पार्टिशनचा तक्ता डॉस फक्त बूट होताना वाचतं, म्हणून हे रीबूट टाळता येत नाही. पुन्हा सीडीचाच मेनू येईल, पुन्हा 'इन्स्टॉल'. इथे पुष्कळांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नाही, या खेपेला फॉरमॅट करायचं विचारलं जाईल.

६. कीबोर्ड 'यूएस इंग्लिश' ठेवा. पॅकेज निवडताना 'प्लेन डॉस' पुरेसं आहे. खेळ, कंपायलर वगैरे हवे असतील तर 'फुल इन्स्टॉलेशन'.

७. संपलं की सीडी काढा आणि रीबूट करा. सीडी तशीच राहिली तर मशीन पुन्हा इन्स्टॉलरच दाखवत राहतं.

बूट होताना चार पर्याय येतात. पहिला, जेमएक्स मेमरी मॅनेजरसह, एरवीचा. दुसरा, जेम३८६ सह, एक्सपांडेड मेमरी (तुकड्यातुकड्याने मिळणारी जादा मेमरी) मागणाऱ्या प्रोग्रामसाठी. जुन्या लोटस १-२-३ सारख्यांना ती लागते. तिसरा सेफ मोड आणि चौथा इमर्जन्सी मोड, ज्यात एकही ड्रायव्हर चढत नाही. चौथा निरुपयोगी वाटतो, पण फर्मवेअरच्या वेळी तोच कामाला येणार आहे.

डॉस नुसतं प्रॉम्प्टवर बसलेलं असताना लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला तर घाबरू नका. की दाबली जाते का हे डॉस सतत गोल-गोल फिरून तपासत राहतं, त्यामुळे एक कोअर शंभर टक्के गुंतून पडतो. 'एफडीएपीएम एपीएमडॉस' ही कमांड दिली की रिकाम्या वेळी प्रोसेसरला थांबायला सांगितलं जातं. मशीन बंद करायला 'एफडीएपीएम पॉवरऑफ'.

पहिल्या तासात शिकायच्या गोष्टी

'डीआयआर /पी' यादी पानापानाने दाखवते, 'सीडी' डिरेक्टरी बदलते, 'कॉपी', 'डेल', 'रेन', 'एमडी' नावाप्रमाणे कामं करतात. ड्राइव्ह बदलायला 'सीडी' चालत नाही. नुसतं 'डी:' टाइप करून एंटर दाबायचं. 'एडिट' म्हणजे टेक्स्ट एडिटर, 'हेल्प' म्हणजे संपूर्ण मदत, आणि कोणत्याही कमांडपुढे '/?' लावलं की तिचं वापरायचं सूत्र. लिनक्सची सवय असेल तर दोन गोष्टी हाताला आडव्या येतील: मार्गात तिरकी रेघ उलटी असते, आणि सुलटी रेघ पर्यायांसाठी राखीव असते.

फाइलचं नाव जास्तीत जास्त आठ अक्षरं, मग टिंब, मग तीन अक्षरं. बाहेरून लांब नावाची फाइल आणली तर पहिली सहा अक्षरं, मग तरंगरेघ आणि १ असं काहीतरी दिसतं. एकाच डिरेक्टरीत सारख्या सुरुवातीच्या चार फाइल असतील तर कोणती कुठली हे ओळखणं कठीण. म्हणून आत आणण्याआधीच नावं आखूड करा.

खोडलेली फाइल परत आणायला रीसायकल बिन नाही. 'अनडिलीट' आहे, पण मधल्या काळात त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तरच.

आता डॉस शिकण्यासाठी का चांगलं, हे स्वतःच बघा. 'डीबग' टाइप करा. उणे चिन्हाचा प्रॉम्प्ट येतो. 'ए १००' लिहून एंटर दाबा आणि या चार ओळी एकामागून एक द्या:

एमओव्ही एएच,०२
एमओव्ही डीएल,४१
आयएनटी २१
आयएनटी २०

रिकाम्या ओळीवर एंटर दाबून बाहेर या आणि 'जी' द्या. पडद्यावर रोमन वर्णमालेतलं पहिलं मोठं अक्षर उमटेल. हेक्झाडेसिमल ४१ हा त्याचा आस्की क्रमांक, एएच मधला २ म्हणजे 'एक अक्षर छाप' ही सेवा, इंटरप्ट २१ म्हणजे डॉसला मारलेली हाक, आणि इंटरप्ट २० म्हणजे प्रोग्रामचा शेवट. साठवायचं असेल तर 'एन टी.कॉम' असं नाव द्या, 'आर सीएक्स' लिहून ८ भरा, मग 'डब्ल्यू' आणि 'क्यू'. तयार झालेली फाइल मोजून ८ बाइटची असते आणि प्रॉम्प्टवरून चालते. तिच्यात हेडर नाही, लायब्ररी नाही. डॉस ती जशीच्या तशी मेमरीत आपल्या सेगमेंटच्या १०० हेक्झ या जागेपासून ठेवतं आणि तिथे उडी मारतं. चालवण्याआधी एक पथ्य: डीबगमध्ये आकडे हेक्झाडेसिमलच धरले जातात, आणि चुकीचा आकडा दिला तर मशीन अडकतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये त्याचं दुःख नाही, रीसेट मारायचं.

६४० केबीचं गणित

जुने प्रोग्राम 'मेमरी कमी पडते' म्हणतात तेव्हा मशीनमध्ये ३२ एमबी असते. नवख्यांचा सर्वात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून नीट समजून घ्या.

मूळ ८०८८ प्रोसेसरला १ एमबीपर्यंतच पत्ते देता येत होते. त्यातले पहिले ६४० केबी प्रोग्रामसाठी, वरचे ३८४ केबी व्हिडिओ कार्ड, बायॉस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं फर्मवेअर) आणि इतर कार्डांसाठी. साधे डॉस प्रोग्राम आजही त्या ६४० केबीतच राहतात, आणि डॉस स्वतः, माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर, नेटवर्कचा ड्रायव्हर हे सगळे त्याच जागेत भागीदार. म्हणून खटपट असते ती या मंडळींना वर ढकलायची.

'मेम /सी' द्या. कोणता ड्रायव्हर किती जागा खातो आणि सर्वात मोठ्या प्रोग्रामसाठी किती जागा उरली ते दिसेल. ६०० केबीच्या वर असेल तर बहुतेक प्रोग्राम खूश असतात. कमी असेल तर 'एफडीकॉन्फिग.सिस' उघडा. त्यात 'डॉस=हाय' आणि 'डॉस=यूएमबी' आहेत का बघा: पहिल्याने डॉसचा गाभा १ एमबीच्या लगेच वरच्या ६४ केबीत जातो, दुसऱ्याने त्या ३८४ केबीतले रिकामे तुकडे वापरायला मिळतात. 'डिव्हाइस' च्या जागी 'डिव्हाइसहाय', आणि 'एफडीऑटो.बॅट' मधल्या ड्रायव्हरच्या ओळीआधी 'एलएच' लावलं की ते ड्रायव्हर वर जातात. फाइल बदलण्याआधी तिची कॉपी करून ठेवा. बूट अडकलाच तर इमर्जन्सी मोडने आत शिरून कॉपी परत आणता येते.

तीन चुका वारंवार दिसतात आणि तिन्हींचा इलाज सोपा आहे. 'पॅक्ड फाइल इज करप्ट' हा संदेश आला तर फाइल बहुधा धडधाकट असते. रिकामी मेमरी इतकी जास्त आहे की प्रोग्राम पहिल्या ६४ केबीत चढला, आणि त्याला आक्रसणाऱ्या जुन्या युक्तीला ते झेपलं नाही. प्रोग्रामच्या नावाआधी 'लोडफिक्स' लिहून चालवा. 'नो डीपीएमआय' असं आलं तर 'सीडब्ल्यूएसडीपीएमआय.ईएक्सई' ही फाइल प्रोग्रामच्याच डिरेक्टरीत ठेवा. ३२ बिटी डॉस प्रोग्रामना तिची गरज असते. आणि डेटाबेसचा प्रोग्राम 'खूप फाइल उघड्या आहेत' म्हणून बंद पडला तर कॉन्फिगमध्ये 'फाइल्स=' चा आकडा वाढवा. डेटा आणि इंडेक्स धरून असे प्रोग्राम सहज वीस-तीस फाइल उघडतात.

फाइल आत न्यायच्या आणि बाहेर काढायच्या

डॉससाठी व्हर्च्युअलबॉक्सची अधिकृत 'गेस्ट अॅडिशन्स' नाहीत, म्हणजे शेअर्ड फोल्डर चालत नाही. आत न्यायला सर्वात सोपी युक्ती म्हणजे फाइलची आयएसओ बनवून सीडी म्हणून जोडणं. बाहेर काढायला व्हीएचडी कामाला येते: व्हर्च्युअल मशीन बंद करा, विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट' मध्ये 'अटॅच व्हीएचडी' निवडा, आणि डॉसचा सी ड्राइव्ह विंडोजमध्ये नेहमीच्या ड्राइव्हसारखा उघडेल. काम झालं की 'डिटॅच' करायला विसरू नका. मशीन चालू असताना जोडली तर दोन्हीकडून एकाच एफएटी तक्त्यावर लिहिलं जातं आणि डिस्कचा चुथडा होतो. स्नॅपशॉट घेतलेले असतील तरी जोडू नका; मूळ डिस्क बदलली की स्नॅपशॉट निकामी होतात.

नेटवर्कही जमतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये कार्ड 'पीसीनेट-फास्ट ३' आणि जोडणी 'नॅट' ठेवा, पॅकेट ड्रायव्हर (डॉससाठीचा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर) चढवा, आणि एमटीसीपी या संचातली 'डीएचसीपी' कमांड चालवली की पत्ता मिळतो. त्यातच एफटीपी आहे. हे सगळं विनाएन्क्रिप्शन चालतं, म्हणून डॉसचं मशीन इंटरनेटला थेट जोडू नका. तसंही डॉसमध्ये वापरकर्ते नाहीत, पासवर्ड नाही, आणि कोणताही प्रोग्राम मेमरीत कुठेही लिहू शकतो.

खऱ्या मशीनवर: पेन ड्राइव्ह आणि फर्मवेअर

विंडोजवर रुफस (बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवणारा प्रोग्राम) उघडा. 'बूट सिलेक्शन' मध्ये फ्रीडॉस, पार्टिशन 'एमबीआर', फाइल सिस्टिम एफएटी३२. फ्रीडॉस रुफसच्या आतच आहे, वेगळं उतरवावं लागत नाही. तयार झालेल्या पेन ड्राइव्हवर फ्लॅश करायचा प्रोग्राम आणि फर्मवेअरची फाइल ठेवा, नावं आठ-तीनच्या नियमात बसवून.

आता अडचण. डॉस डिस्क, पडदा, कीबोर्ड सगळ्यासाठी बायॉसच्या इंटरप्टवर अवलंबून आहे. बायॉसची जागा घेतलेल्या यूईएफआय या नव्या फर्मवेअरमध्ये हे इंटरप्ट 'सीएसएम' नावाच्या थरातून मिळतात. सेटअपमध्ये 'सिक्युअर बूट' बंद आणि 'सीएसएम' किंवा 'लेगसी बूट' चालू करा. हा पर्यायच सापडला नाही तर त्या मशीनवर डॉस बूट होणार नाही, पेन ड्राइव्ह कितीही वेळा नव्याने बनवलात तरी. २०२० पर्यंत ही सोय काढून टाकायचं इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केलं होतं, आणि नव्या लॅपटॉपमध्ये ती सहसा नसते.

बूट झाल्यावर ड्राइव्हची अक्षरं बघून घ्या. ज्यावरून बूट झालं तो पेन ड्राइव्ह सी होतो आणि आतली हार्ड डिस्क डी किंवा त्यापुढे सरकते. सवयीने 'सी' समजून फॉरमॅट किंवा एफडिस्क चालवणं हा डेटा घालवायचा हमखास मार्ग. शक्य असेल तर आतल्या डिस्कची केबल काढूनच बसा.

फर्मवेअर फ्लॅश करताना मेमरी मॅनेजर चढलेला नको. जेमएक्स किंवा जेम३८६ प्रोसेसरला व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये नेतात, आणि फ्लॅश करणारे अनेक प्रोग्राम रिअल मोडशिवाय, म्हणजे प्रोसेसरच्या मूळ, थेट अवस्थेशिवाय, चालत नाहीत. पूर्ण फ्रीडॉस इन्स्टॉल केलेलं असेल तर इमर्जन्सी मोड त्यासाठीच. आधी सध्याचं फर्मवेअर वाचून फाइलमध्ये साठवा, बोर्डाचा मॉडेल नंबर आणि रिव्हिजन दोन्ही जुळतात का बघा, आणि काम चालू असताना कीबोर्डला हात लावू नका.

एक नेहमीचं उदाहरण. एलएसआय कंपनीच्या एसएएस कार्डांवर (सर्व्हरच्या डिस्क जोडायची कार्डं) 'आयटी' मोडचं, म्हणजे डिस्क जशाच्या तशा थेट दाखवणारं, फर्मवेअर टाकण्यासाठी डॉसमधला 'एसएएस२एफएलएसएच' हा प्रोग्राम वापरतात. यूईएफआय असलेल्या बऱ्याच बोर्डांवर तो 'फेल्ड टू इनिशियलाइझ पीएएल' म्हणून लगेच बंद पडतो. कार्ड खराब नसतं. बोर्डचा बायॉस त्याला हवी ती सेवा देत नाही. उपाय दोन: त्याच प्रोग्रामची यूईएफआय शेलसाठीची आवृत्ती वापरा, किंवा कार्ड तेवढ्यापुरतं जुन्या, साध्या बायॉसच्या मशीनमध्ये लावा.

सीरियल पोर्ट आणि जुनी यंत्रं

सीएनसी यंत्रं, प्रयोगशाळेतली मोजमाप उपकरणं, जुने वॉकीटॉकी प्रोग्राम करायची साधनं: डॉस अजून टिकून आहे ते मुख्यतः इथे. यंत्राला आणखी वीस वर्षं काही होणार नसतं आणि त्याचा प्रोग्राम लिहिणारं कुणी उरलेलं नसतं.

असे प्रोग्राम सीरियल पोर्टच्या चिपशी थेट बोलतात. पहिला पोर्ट ३एफ८ या पत्त्यावर आणि इंटरप्ट ४ वर, दुसरा २एफ८ वर आणि इंटरप्ट ३ वर, असं ते धरूनच चालतात. त्यामुळे यूएसबी-सीरियल केबल शुद्ध डॉसमध्ये चालत नाही. डॉसला ती दिसतच नाही. पीसीआय सीरियल कार्डही बहुधा वेगळ्याच पत्त्यावर बसतं आणि प्रोग्रामला सापडत नाही. मदरबोर्डवर खरा सीरियल पोर्ट आहे का बघा. नऊ पिनांचं सॉकेट बाहेर नसलं तरी पुष्कळ बोर्डांवर दहा पिनांची जागा असते, तिला पट्टीची केबल लावता येते. यूएसबी केबलच वापरायची असेल तर डॉसबॉक्स किंवा डॉसबॉक्स-एक्समध्ये 'डायरेक्टसीरियल' हा पर्याय लावा. सावकाश चालणाऱ्या संवादासाठी तो पुरतो, मिलिसेकंदाच्या हिशेबावर चालणाऱ्यांसाठी नाही.

वेग ठरवायला 'मोड कॉम१:९६,एन,८,१': ९६०० बॉड, पॅरिटी नाही, आठ डेटा बिट, एक स्टॉप बिट. हे चारही यंत्राच्या सेटिंगशी तंतोतंत जुळायला हवेत. अक्षरं येतात पण कचरा दिसतो, तर वेग किंवा पॅरिटी चुकली. काहीच येत नाही, तर केबल सरळ आहे आणि नल-मोडेम (पाठवायच्या आणि घ्यायच्या तारांची अदलाबदल केलेली) हवी आहे, किंवा उलट.

प्रोग्राम सुरू होताच 'रनटाइम एरर २००' देऊन मेला, तर तो टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला आहे हे जवळपास नक्की. सुरुवातीला तो एक रिकामं लूप घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती वेळा फिरतं ते मोजतो आणि त्याला ५५ ने भागतो. वेगवान प्रोसेसरवर उत्तर १६ बिटांत मावत नाही आणि प्रोसेसर भागाकाराची चूक दाखवतो. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ११ ने वेग उतरवा; खऱ्या मशीनवर प्रोग्रामची फाइल दुरुस्त करणारे तयार पॅच मिळतात.

फ्लॉप्या आणि जुनी डिस्क हाताळताना

जुनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये टाकून लगेच फाइल उघडायला जाऊ नका. आधी राइट-प्रोटेक्ट करा: साडेतीन इंचीत खिडकी उघडी हवी, सव्वापाच इंचीत खाच चिकटपट्टीने झाकलेली हवी. मग लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने सगळ्या फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल असलेली एक फाइल, घ्या. १.४४ एमबीच्या फ्लॉपीची पूर्ण प्रतिमा १४,७४,५६० बाइटची भरते. कमी भरली तर काही सेक्टर वाचले गेले नाहीत. बुरशी आलेली फ्लॉपी ड्राइव्हचं हेड खराब करते आणि मग पुढची चांगली फ्लॉपीही ओरबाडली जाते, म्हणून संशयास्पद फ्लॉप्या सर्वांत शेवटी. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह फक्त साडेतीन इंचीसाठी मिळतात. सव्वापाच इंचीला जुनी ड्राइव्ह आणि ग्रीझवीझलसारखा कंट्रोलर लागतो. बूट सेक्टरमधले जुने व्हायरस फ्लॉप्यांमध्ये अजूनही जिवंत सापडतात, तेव्हा त्या फ्लॉपीवरून मशीन बूट करू नका.

जुन्या मशीनची हार्ड डिस्क कधी बसेल सांगता येत नाही. चालू आहे तोवर तिचीही प्रतिमा घ्या आणि जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, आयडीई अॅडॉप्टरसह, बसवा. इथे बायॉसची मर्यादा आडवी येते: १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, मिळून ५०४ एमबी. त्या काळच्या मशीनला मोठं कार्ड लावलं तर उरलेली जागा दिसत नाही, किंवा बूटच होत नाही. ३८६-४८६ च्या बोर्डावर निळी, पिंपासारखी बॅटरी असेल तर ती आधी काढा. ती गळते आणि तिच्यातल्या अल्कलीने बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खाल्ल्या जातात.

डेटा डीबेस किंवा फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलमध्ये असेल तर लिबरऑफिस कॅल्कमध्ये ती थेट उघडते. उघडताना कॅरेक्टर सेट विचारला जातो. तिथे युनिकोड न निवडता डॉसचं कोड पेज निवडा, सहसा ४३७ किंवा ८५०. साध्या टेक्स्ट फाइलच्या शेवटी एखादं अनोळखी चिन्ह दिसलं तर ते हेक्झ १ए आहे, डॉसच्या काळची फाइल संपल्याची खूण. खोडून टाका, फाइलला काही होत नाही.